कक्षा ते कक्षक : पुंजवाद आपल्या वर्गापर्यंत कसा आला



स्मरणिकेच्या संपादक मंडळानं लेख मागताना एक अट घातली होती. शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू तुझ्या आवडीच्या विषयातलं काही दे. माझी पदवी इंजिनिअरिंगची आणि पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. पण शाळेपासून ज्याची गोडी लागली तो विषय म्हणजे अणू. म्हणून हा इतिहास लिहिते आहे. राजेरजवाड्यांचा नव्हे, एका कल्पनेचा. १९०० साली बर्लिनमध्ये मांडलेली कल्पना ताथवड्यासारख्या गावातल्या मराठी शाळेच्या फळ्यावर कशी पोहोचली, वाटेत तिचं काय झालं आणि आपल्यातल्या किती जणांना ती मधेच सोडून द्यावी लागली, याचा हा इतिहास आहे.

आपण शाळेत अणूची रचना शिकलो ती अशी. मधे केंद्रक, त्याच्याभोवती के, एल, एम, एन अशी कवचं. कवचात इलेक्ट्रॉन किती मावतात याचा नियम 'दोन एन वर्ग'. म्हणजे पहिल्यात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८, चौथ्यात ३२. सोडियम २, ८, १. क्लोरीन २, ८, ७. हे सगळं आपल्याला अजून तोंडपाठ असेल. पण पोटॅशियमपाशी गाडी अडायची. पोटॅशियमचे इलेक्ट्रॉन १९. तिसऱ्या कवचात १८ मावतात, मग मांडणी २, ८, ९ हवी. पुस्तकात मात्र २, ८, ८, १. तिसरं घर अर्धं रिकामं असताना एकोणिसावा भाडेकरू चौथ्या मजल्यावर का गेला?

आपल्या वर्गात हा प्रश्न विचारला गेला होता. विज्ञानाच्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की याचं उत्तर अकरावीत मिळेल. उत्तर बरोबर होतं. मात्र त्या 'अकरावीत' या शब्दामागे साठ-सत्तर वर्षांचा इतिहास दडलेला होता, हे तेव्हा कोणालाच दिसत नव्हतं.

एका शाळामास्तराचं गणित

या कथेचा पहिला नायक शाळेतला शिक्षक आहे, हे आपल्या गुरुजनांना मुद्दाम सांगावंसं वाटतं. योहान बाल्मर हे स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात मुलींच्या शाळेत गणित शिकवत. हायड्रोजन वायू काचेच्या नळीत भरून त्यातून वीज सोडली की तो प्रकाशतो. तो प्रकाश लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्याचा सलग पट्टा दिसत नाही, ठरावीक रंगांच्या वेगळ्या रेषा दिसतात. त्यातल्या चार रेषांची तरंगलांबी स्वीडनच्या ऑंगस्ट्रॉम यांनी मोजली होती. साधारण ६५६, ४८६, ४३४ आणि ४१० नॅनोमीटर. हे आकडे असेच का, हे कोणाला माहीत नव्हतं.

१८८५ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, बाल्मर मास्तरांनी त्यातली संगती शोधली. ३६४.५ हा एक आकडा घ्या. त्याला ९ भागिले ५ नं गुणा, ६५६ येतात. १६ भागिले १२ नं गुणा, ४८६ येतात. २५ भागिले २१ नं गुणा, ४३४. ३६ भागिले ३२ नं गुणा, ४१०. अंश पाहा. ९, १६, २५, ३६. म्हणजे ३, ४, ५, ६ चे वर्ग. छेद त्याच वर्गातून ४ वजा करून आलेले. सातवी-आठवीच्या मुलाला कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येईल असं हे गणित आहे. पुंजवादाच्या इमारतीची एक कोनशिला अपूर्णांकांची आहे आणि ती एका शाळामास्तरानं बसवली.

निसर्गात ३, ४, ५, ६ असे पूर्णांक का यावेत, याचं उत्तर बाल्मर यांच्याकडे नव्हतं. ते उत्तर देणारा माणूस त्याच वर्षी, १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये, कोपनहेगनला जन्मला. त्याचं नाव नील्स बोर.

सुटे पैसे आणि ठोक नोटा

त्याआधी बर्लिनला जायला हवं. आपल्यापैकी अनेकांचे वडील भोसरी, चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत होते. फोर्जिंगच्या भट्टीपाशी काम केलेला माणूस तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून त्याचं तापमान सांगतो. आधी मंद लाल, मग नारिंगी, मग पिवळं, शेवटी पांढरं. रंग आणि तापमान यांचं हे नातं गणितानं मांडताना एकोणिसाव्या शतकातले भौतिकशास्त्रज्ञ अडले होते. जुन्या नियमांनी हिशेब केला तर तापलेल्या वस्तूतून जांभळ्याच्या पलीकडचे किरण अमर्याद बाहेर पडायला हवे होते. तसं होत नाही, हे भट्टीवरच्या कुठल्याही कामगाराला ठाऊक होतं.

१४ डिसेंबर १९०० रोजी माक्स प्लांक यांनी बर्लिनच्या भौतिकशास्त्र परिषदेत तोडगा मांडला. ऊर्जा हवी तेवढी बारीक वाटता येत नाही, ती ठरावीक मापाच्या हप्त्यांतच दिली-घेतली जाते असं मानलं की हिशेब जुळतो. हप्त्याचं माप प्रकाशाच्या वारंवारितेवर अवलंबून असतं, आणि दोघांना जोडणारा आकडा म्हणजे प्लांकचा स्थिरांक. तो किती लहान आहे? दशांश चिन्हानंतर ३३ शून्यं द्या आणि मग ६६२६ लिहा. तितके ज्यूल-सेकंद. एवढा लहान असल्यामुळेच रोजच्या व्यवहारात आपल्याला हे हप्ते जाणवत नाहीत. गंमत म्हणजे याच इवल्याशा आकड्यावर २० मे २०१९ पासून जगाचा किलोग्रॅम ठरतो. पॅरिसजवळ तिजोरीत जपलेला धातूचा तुकडा त्या दिवशी निवृत्त झाला.

१९०५ साली आइन्स्टाइन यांनी आणखी एक पाऊल टाकलं. प्रकाश स्वतःच असा हप्त्याहप्त्यांनी येतो, असं ते म्हणाले. रेल्वे स्टेशनवरचं वजनाचं यंत्र आठवा. त्यात एक रुपयाचं नाणं टाकलं की तिकीट बाहेर यायचं. चार आण्यांची मूठभर नाणी ओतली तरी काही उपयोग नसायचा. धातूवर प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन बाहेर काढायचा असेल तर तसंच होतं. लाल प्रकाश म्हणजे चिल्लर. कितीही झगझगीत असला तरी अनेक धातूंतून एकही इलेक्ट्रॉन निघत नाही. जांभळा प्रकाश मंद असला तरी एकेक नाणं मोठं, म्हणून काम होतं. आपेक्षिकतेसाठी जगभर नाव झालेल्या आइन्स्टाइन यांना १९२१ चं नोबेल मिळालं ते या प्रकाशविद्युत परिणामासाठी.

मग १९१३ साली बोर आले. इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती कुठेही फिरू शकत नाही, त्याला ठरावीक कक्षाच मोकळ्या आहेत, आणि एका कक्षेतून दुसरीत उडी मारताना तो ठरावीक ऊर्जेचा प्रकाश टाकतो, असं त्यांनी मांडलं. तिसऱ्या कक्षेतून दुसरीत उडी मारली की ६५६ नॅनोमीटरची लाल रेषा. चौथीतून दुसरीत, ४८६ ची निळसर हिरवी. बाल्मर मास्तरांचे ३, ४, ५, ६ म्हणजे कक्षांचे क्रमांक निघाले. अट्ठावीस वर्षांनी उदाहरणाचं उत्तर मिळालं.

आपण शाळेत जे शिकलो ते साधारण इथवरचं. म्हणजे १९९७ साली आपण १९१३ च्या मुक्कामाला होतो.

एका अक्षराचा फरक

पुढची बारा-तेरा वर्षं युरोपातल्या तरुणांची आहेत. जून १९२५ मध्ये तेवीस वर्षांचा वेर्नर हायझेनबर्ग परागकणांच्या त्रासामुळे हेल्गोलँड नावाच्या उघड्याबोडक्या बेटावर जाऊन राहिला आणि तिथे त्यानं नवं गणित मांडलं. कक्षा कोणी पाहिलेली नाही, दिसतात त्या फक्त रेषा, तर मग हिशेब रेषांचाच करू, ही त्याची भूमिका. त्यानं वापरलेलं गणित म्हणजे मॅट्रिक्स आहे, हे त्याला माहीत नव्हतं. ते त्याचे गुरू माक्स बोर्न यांनी ओळखलं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुई द ब्रॉय यांनी, ज्यांना आपण बारावीत सर्रास 'डी ब्रॉग्ली' म्हणायचो, इलेक्ट्रॉनलाही तरंगलांबी असते असं सांगितलं होतं. १९२६ मध्ये एर्विन श्रोडिंगर यांनी त्या तरंगाचं समीकरण लिहिलं. १९२७ मध्ये अनिश्चिततेचं तत्त्व आलं. इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे आणि त्याचा संवेग नेमका किती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या तितक्या अचूक ठरवता येत नाहीत.

यातून कक्षा मोडली. ग्रहासारखा फिरणारा इलेक्ट्रॉन गेला. त्याच्या जागी आला तो ढग. कुठे सापडण्याची शक्यता जास्त, कुठे कमी, हे सांगणारा. इंग्रजीत 'ऑर्बिट'चं 'ऑर्बिटल' झालं. मराठी परिभाषेत 'कक्षा'चं 'कक्षक' झालं. शेवटी एक 'क' वाढला आणि त्या एका अक्षरात तेरा वर्षांची उलथापालथ मावली.

आता पोटॅशियमचा प्रश्न सोडवू, कारण त्याचं उत्तर अनेकांना अजून मिळालेलं नाही. कवच म्हणजे एक खोली नसून वाडा आहे. पहिल्या वाड्यात एकच प्रकारची खोली, एस. दुसऱ्यात एस आणि पी. तिसऱ्यात एस, पी, डी. एस प्रकारचं कक्षक एक, पी प्रकारची तीन, डी प्रकारची पाच. प्रत्येक कक्षकात इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त दोन, हा १९२५ सालचा पाउली यांचा नियम. म्हणून तिसऱ्या वाड्यात १ अधिक ३ अधिक ५ बरोबर ९ कक्षकं आणि १८ इलेक्ट्रॉन. एकपासून क्रमानं येणाऱ्या विषम संख्यांची बेरीज नेहमी वर्ग असते, हे आपल्याला गणिताच्या तासाला सांगितलं होतं. 'दोन एन वर्ग' या पाठ केलेल्या नियमाचं मूळ तिथे आहे.

आर्गॉनपर्यंत तिसऱ्या वाड्यातल्या एस आणि पी खोल्या भरतात. राहतात त्या डी. पण डी चा ढग केंद्रकाजवळ जवळजवळ जातच नाही. मधल्या १८ इलेक्ट्रॉनांचा पडदा त्याच्या आड येतो आणि केंद्रकाची ओढ त्याला कमी जाणवते. उलट चौथ्या वाड्यातल्या एस च्या ढगाचा काही भाग थेट केंद्रकापर्यंत पोहोचतो, तिथे ओढ जास्त, म्हणून ती जागा स्वस्त पडते. एकोणिसावा इलेक्ट्रॉन स्वस्त जागा घेतो. पोटॅशियम २, ८, ८, १. कॅल्शियम २, ८, ८, २. मग एकविसाव्या स्कँडियमपासून डी च्या खोल्या भरू लागतात. तिथे मांडणी २, ८, ९, २ होते. वर्गातल्या प्रश्नात आलेला तो ९ दोन घरं पुढे खरोखरच भेटतो.

ढाका, कलकत्ता आणि भाषेचा प्रश्न

हा सगळा इतिहास युरोपातच घडला असं समजायचं कारण नाही. १९२४ साली ढाका विद्यापीठात शिकवणारे सत्येंद्रनाथ बोस प्लांकच्या सूत्राच्या प्रचलित सिद्धतेवर समाधानी नव्हते. त्यांनी स्वतःची सिद्धता लिहिली आणि आइन्स्टाइन यांना पाठवली. आइन्स्टाइन यांनी ती स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवली. त्यातली नवी गोष्ट मोजण्याच्या पद्धतीत होती. दोन नाणी उडवली तर छापा-छापा, काटा-काटा, आणि एक छापा एक काटा असे निकाल लागतात. शेवटचा प्रकार दोन रीतींनी येतो, म्हणून त्याची शक्यता निम्मी. पण नाणी इतकी एकसारखी असतील की 'ही पहिली, ही दुसरी' असं म्हणताच येत नसेल, तर? मग तीनच निकाल उरतात आणि प्रत्येकाची शक्यता एक तृतीयांश. प्रकाशाचे कण असे वागतात. अशा कणांना आज जग 'बोसॉन' म्हणतं. चार वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, कलकत्त्यात रामन परिणाम सापडला. आपण दरवर्षी साजरा करायचो तो विज्ञान दिन त्याच तारखेचा.

बोस यांच्याबद्दल दुसरीही गोष्ट सांगायला हवी. विज्ञान मातृभाषेत शिकवता येत नाही असं म्हणणाऱ्यांशी ते आयुष्यभर भांडले. १९४८ साली त्यांनी बंगालीतून विज्ञान पोहोचवण्यासाठी बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. आपल्याकडे मराठी विज्ञान परिषद १९६६ साली सुरू झाली. तिचं अध्यक्षपद पुढे भालचंद्र उदगावकरांनी भूषवलं. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, म्हणजे पुंजयामिकी हीच त्यांची रोजची भाषा. असा माणूस शाळेच्या विज्ञानासाठी झटला. १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं त्यामागे त्यांचाही हात होता. त्या केंद्रातल्या वि. गो. कुलकर्णी आणि गंभीर यांनी मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांबरोबर काम करून दाखवलं की विज्ञान तेच ठेवून पुस्तकाची भाषा सोपी केली तर मुलांची समज वाढते. अडसर मुलांच्या बुद्धीत नसतो, वाक्यांत असतो.

दरम्यान भाषा संचालनालय आणि वाईचं विश्वकोश मंडळ शब्द घडवत होतं. 'क्वांटम'साठी 'पुंज' हा शब्द रुळला. मला तो आवडतो. कापसाचा पुंजका आपण ओळखतो, कीर्तनात 'तेजःपुंज' ऐकतो. प्रकाशाचा हप्ता म्हणजे तेजाचा पुंजका, हे मराठी मुलाला कानानंच कळतं. 'क्वांटम' या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता 'किती' असा आहे. आपला शब्द जास्त चित्रमय आहे.

दहावी-अकरावीची दरी

मग हे शब्द आपल्या कामी का आले नाहीत? याचं उत्तरही इतिहासात आहे. १९६४ ते १९६६ या काळात दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध त्याच आयोगानं पुढे आणला. पहिली दहा वर्षं सर्वांना विज्ञान आणि गणित सक्तीचं असावं, हेही त्याच अहवालात होतं. आपल्या आधीच्या पिढीची जुनी अकरावी जाऊन १९७५ पासून महाराष्ट्रात दहावीची परीक्षा आली ती त्यामुळे. कोठारी स्वतः मेघनाद साहांचे विद्यार्थी. श्वेत बटू ताऱ्यांच्या पोटातल्या द्रव्याला पुंज-सांख्यिकी लावणारे शास्त्रज्ञ. ताथवड्याच्या मुलीला सक्तीनं अणू शिकवला गेला, त्याचं थोडं श्रेय एका पुंजशास्त्रज्ञाला द्यायला हवं.

पण या आकृतिबंधात दहावीनंतर एक सांधा आला आणि आपल्यासाठी तो सांधा भाषेचाही होता. दहावीपर्यंत मराठी, अकरावी विज्ञानात इंग्रजी. पुंजवाद नेमका त्या सांध्यावर उभा होता. कवचं आणि संयुजा मराठीत. कक्षक, पुंजांक, अनिश्चितता इंग्रजीत. जून महिन्यात एकाच आठवड्यात 'अणू'चा 'ॲटम', 'रेणू'चा 'मॉलिक्यूल', 'मूलद्रव्या'चं 'एलिमेंट' झालं. कल्पना अवघड होतीच, त्यात तिच्याकडे जाणारा ओळखीचा रस्ता मधेच संपला. 'कक्षक' हा शब्द मला भेटला तो पदवी हातात आल्यावर, एका मराठी पुस्तकात. तेव्हा वाटलं, हा अकरावीत भेटला असता तर पहिल्या सहामाहीतली निम्मी रात्र वाचली असती.

आपल्या बॅचमधून विज्ञानाला गेलेल्या मुलामुलींपैकी कितीतरी जण दिवाळीच्या आसपास कॉमर्सकडे वळले, हे आपण सगळे जाणतो. पीसीएमटीच्या बसमध्ये त्याची चर्चा व्हायची आणि 'तिला झेपलं नाही' एवढ्यावर संपायची. पोटॅशियमचा प्रश्न विचारणारी आपली मैत्रीण त्यांतलीच. आज ती चाकणच्या एका कंपनीचे हिशेब सांभाळते आणि उत्तम सांभाळते. कॉमर्स घेणं काही कमीपणाचं नाही. पण ज्या मुलीला २, ८, ८, १ मधली विसंगती कोणी न दाखवता दिसली, तिला विज्ञान झेपत नव्हतं असं मी कधीच मान्य करणार नाही. तिला वाक्यं झेपत नव्हती. आणि या दोन गोष्टींत फरक आहे, हे सांगणारं तेव्हा आसपास कोणी नव्हतं.

आता हा विषय दाराशी आला आहे

आपल्या वेळचं ताथवडे म्हणजे शेतं, नृसिंहाचं देऊळ आणि पशुसंवर्धन खात्याचं प्रक्षेत्र. आज भूमकर चौकातून हिंजवडीला जाणाऱ्या गाड्यांची रांग मोजायला गेलं तर दिवस मावळेल. त्या गाड्यांतली माणसं ज्यावर काम करतात ते संगणक पुंजवादाचीच लेकरं आहेत. घनपदार्थात इलेक्ट्रॉन कसे वागतात याचा पुंजयामिकी हिशेब १९२८ साली फेलिक्स ब्लॉख यांनी मांडला, त्या वाटेनं १९४७ चा ट्रान्झिस्टर आला. हमरस्त्यावरचे सोडियमचे पिवळे दिवे गेले आणि एलईडी आले. दोन्हींचा रंग ठरतो तो इलेक्ट्रॉनच्या उडीनं. पहिल्यात अणूमधल्या, दुसऱ्यात स्फटिकामधल्या.

माझ्या धंद्यातही हा विषय शिरला आहे. बँकांचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या अनेक कुलपांचं बळ एका गोष्टीवर आहे. प्रचंड मोठ्या संख्येचे मूळ अवयव शोधणं आजच्या संगणकाला जमत नाही. पुरेसा मोठा पुंज संगणक ते करू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ सालीच दाखवलं. तसा संगणक अजून झालेला नाही, पण त्यालाही न उघडणाऱ्या कुलपांची पहिली तीन प्रमाणकं अमेरिकेच्या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केली. जुनी कुलपं बदलण्याचं काम जगभर सुरू झालं आहे, आणि त्यातलं बरंच काम हिंजवडीसारख्या ठिकाणी बसूनच होणार.

भारत सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, रक्कम ६,००३ कोटी ६५ लाख रुपये. पाषाणच्या आयसरमध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. वाकडचा पूल मोकळा मिळाला तर ताथवड्याहून अर्ध्या तासाची वाट. हायझेनबर्गच्या त्या उन्हाळ्याला शंभर वर्षं झाली म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञानाचं म्हणून पाळलं. त्याच वर्षी, २० मे रोजी, जयंत नारळीकर गेले. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, सही नको, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. आयुकात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी व्याख्यानं त्यांच्याच काळात सुरू झाली. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उत्तर मिळालंच पाहिजे, ही त्यांची शिस्त होती.

आपण काय करू शकतो

मेळाव्यात शाळेला भेटवस्तू द्यायची चर्चा चालू आहे. पाण्याचा कूलर आणि प्रोजेक्टर द्यावाच. त्याबरोबर माझ्या तीन सूचना आहेत. तिन्हींना पैसा कमी आणि शनिवार जास्त लागतील.

पहिली, दहावीच्या निकालापासून अकरावी सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत दोन आठवड्यांचा वर्ग. विषय एकच, शब्द. कक्षा-ऑर्बिट, कक्षक-ऑर्बिटल, पुंजांक-क्वांटम नंबर, संवेग-मोमेंटम अशी दोनशे शब्दांची दुभाषी वही, आणि प्रत्येक शब्दामागची कल्पना आधी मराठीत, मग इंग्रजीत. भौतिक, रसायन आणि गणित शिकलेले आपल्यात पुरेसे लोक आहेत.

दुसरी, वर्णपटदर्शक. घरोघरी जुन्या सीडी धूळ खात पडल्या आहेत. सीडीवरच्या रेघांमधलं अंतर मिलिमीटरचा सुमारे सहाशेवा भाग असतं, त्यामुळे ती प्रकाशाचे रंग फोडते. पुठ्ठ्याच्या खोक्याला ब्लेडनं बारीक फट पाडायची, आत सीडीचा तुकडा तिरका बसवायचा, वरून भोकातून पाहायचं. साध्या पिवळ्या बल्बमध्ये सलग पट्टा दिसतो, जुन्या सीएफएलमध्ये सुट्या रेषा. सूर्याकडे मात्र थेट पाहायचं नाही. आठवीतल्या मुलानं ती रेषा स्वतः पाहिली आणि बाल्मर मास्तरांचं गणित स्वतः केलं, की पुंजवाद त्याच्यासाठी अकरावीतला बागुलबुवा उरणार नाही.

तिसरी, वर्गात प्रश्नांची एक पेटी. उत्तर अभ्यासक्रमात पुढे आहे असा प्रश्न आला की बाईंनी किंवा सरांनी तो त्यात टाकायचा आणि आपल्यापैकी कोणीतरी महिन्याभरात मराठीत, सहीनिशी उत्तर लिहायचं. शिक्षकांवर अभ्यासक्रम संपवण्याचं ओझं असतं. 'पुढच्या वर्षी कळेल' हे त्यांना म्हणावं लागतं, आणि पुढचं वर्ष प्रत्येकाच्या वाट्याला येतंच असं नाही.

माझं नाव तिन्ही कामांसाठी लिहून घ्यावं. मला महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार मोकळा असतो.